स्पेनचा नकाशा

२००५च्या नोव्हेंबरात आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे अमेरिकेत, रेडमंडला आली. नागपूरच्या एका शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला होता. ती आली तेव्हा पाऊस सुरूच होता, डिसेंबर संपला तरी तो थांबला नाही. मी ऑफिसमधून परतायचो तेव्हा आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असायची. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं.

तिला जरा उन्हात न्यावं म्हणून मार्चमध्ये स्पेनला जायचं मी ठरवलं. माझ्या टीममध्ये उत्तर स्पेनचा एकजण होता. त्याच्या गावचे फोटो मी तिला दाखवले.

"इथे नको," ती म्हणाली. "एवढं हिरवं म्हणजे बारा महिने पाऊस. इथल्यासारखाच."

"मग माद्रिद?"

"ते पठारावर. मार्चमध्ये गारठा असेल. दक्षिणेला जाऊ. पण छत्री घे, तिकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो. भूमध्य सागरी हवामान."

कितीतरी दिवसांनी ती एवढं बोलली. मी नकाशा प्रिंट करून आणला, तिने पेन्सिलीने त्यावर मार्ग आखला.

फेब्रुवारीत व्हिसासाठी आम्ही विमानाने सॅन फ्रान्सिस्कोला, स्पेनच्या वकिलातीत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी आईचा पासपोर्ट परत केला. व्हिजिटर म्हणून अमेरिकेत आलेल्यांचा अर्ज इथे घेत नाहीत, तो भारतातूनच करा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. हा नियम वेबसाइटवर होता. मी वाचलाच नव्हता.

बाहेर लख्ख ऊन होतं.

"सॉरी आई."

ती समोरच्या बागेत बाकावर जाऊन बसली. स्वेटर काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "अरे, हा किनाराही त्याच हवामानात येतो. मुलांकडून पाठ करून घ्यायचे मी. आज बघितलं."

विमानाची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. जेवायलाही ती उठली नाही.

रेडमंडला परतल्यावर दोन दिवसांनी तिने विचारलं, "माझं तिकीट अलीकडचं करून मिळेल का रे?"

मी थांब म्हणालो नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला एअरपोर्टवर सोडलं. परत ड्राइव्ह करताना वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही.