एका दिवसाची कराची

माझा भाऊ गेला त्या वर्षी आईने एकच हट्ट धरला होता. ताईला हे पत्राने कळवायचं नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती कराचीत होती. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, पण वडील तरुणपणी बोटीने कराचीला गेले, बंदरात कारकून झाले आणि आम्ही तिघं भावंडं तिथेच जन्मलो. रतन तलावाच्या आसपास तेव्हा इतकी मराठी घरं होती की गणपतीत आरतीला उभं राहायला जागा पुरायची नाही. वडील फाळणीच्या आधीच वारले. ताईचं लग्नही तोवर होऊन गेलं होतं. तिचे यजमान आपल्यातलेच, बंदरातच नोकरीला. ते म्हणाले, "चार-सहा महिन्यांत सगळं शांत होईल. आम्ही कशाला हलू?" आई मात्र भावाला आणि मला घेऊन बोटीत बसली आणि लालबागला मामाच्या खोलीत येऊन राहिली. ताईचा निरोप घेताना ती म्हणाली होती, "पुढच्या मे महिन्यात माहेरपणाला ये." मग पासपोर्ट आले, परवाने आले, आणि ते माहेरपण राहूनच गेलं.

भाऊ माझ्याहून थोडा मोठा. शाळा सोडून गिरणीत फिटरच्या हाताखाली लागला होता. संध्याकाळी अंघोळ केली तरी नखांतलं वंगण जायचं नाही. तो बोलायचा भरभर आणि जेवायचा त्याहून भरभर. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना तो आणि त्याचे मित्र जायचेच. चाळीत कोण जात नव्हतं? मामाही जायचा, शेजारच्या म्हाताऱ्या जायच्या, एकदा शिवाजी पार्कला मीही गेले होते आणि दोन दिवस घसा बसला होता.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि आमच्या भागात आगडोंब उसळला. रस्त्यात दगड, जळलेले टायर, अश्रुधुराने डोळे चुरचुरत. गोळीबाराचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी पत्र्यावर काठी मारतंय. भाऊ दुपारी खाली उतरला होता. तो परत आला नाही. मामाने त्याला परळच्या हॉस्पिटलात शोधून काढलं. चादर वर करून दाखवली तेव्हा आईने आधी त्याचे पाय बघितले. एका पायात चप्पल नव्हती.

तो कशासाठी उतरला होता यावर आमच्याकडे कधी एकमत झालं नाही. चाळीतले म्हणायचे, तो मोर्चात होता, त्याच्या हातात झेंडा होता. आई म्हणायची, घरात दूध नव्हतं, तो दूध आणायला गेला होता. मी तेव्हा मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. मी काहीच पाहिलं नव्हतं. त्याचा फोटो मंडळाच्या खोलीत लागला, त्याला हार चढला. आई त्या खोलीवरून जाताना पदर ओढून झपझप पुढे जायची. कोणी "हुतात्म्याची आई" म्हटलं की म्हणायची, "दूध आणायला गेला होता हो तो."

ताईला मात्र काही कळवायचं नाही. मामा समजावून थकला. आई म्हणायची, "कागदावर कसं सांगायचं? ती तिथे एकटी वाचील. तिला धरायला कोण आहे? मी स्वतः जाऊन सांगीन." तिने परवान्यासाठी अर्ज केला, तो परत आला. पुन्हा केला, पुन्हा परत आला. मामा दर महिन्याला कार्डावर "सर्व खुशाल" लिहून टाकायचा आणि लिहिताना आमच्याकडे पाठ करून बसायचा. ताई विचारायची, तो का लिहीत नाही? मामा लिहायचा, रात्रपाळी चालू आहे.

दिवाळी झाली आणि मामा एक बातमी घेऊन आला. फोर्टातल्या एका प्रवासी कंपनीने कराचीची सहल काढली होती. जाताना बोट, येताना बोट, आणि मध्ये एक दिवस शहर बघायचं. सकाळी बंदरात उतरायचं, कंपनीच्या बसने गाइडबरोबर फिरायचं, संध्याकाळी त्याच बोटीवर परत. गाइडला सोडून कुठे जायचं नाही, कोणाच्या घरी जायचं नाही. सगळ्यांना मिळून एकच परवाना. मामाने आमची दोघींची नावं दिली आणि ताईला कळवलं. ताईच्या यजमानांनी उलट कळवलं की बस चिड़ियाघराशी, म्हणजे तिथल्या प्राण्यांच्या बागेशी थांबते. ताई फाटकाशी येऊन उभी राहील.

बॅलार्ड पियरवरून बोट सुटली. आमच्याबरोबर कापडाचे गुजराती व्यापारी होते, एक पारशी जोडपं होतं, आणि आपलं सोडून आलेलं गाव बघायला निघालेले एक सिंधी आजोबा. डेकवर आई गुडघे पोटाशी घेऊन बसून होती. तिचे ओठ सारखे हलत होते. मला वाटलं, जप करतेय.

"काय म्हणतेस गो?" मी विचारलं.

"कसं सांगायचं ते बघतेय," ती म्हणाली. "आधी बसायला सांगू, की उभ्यानेच सांगू?"

मी तिच्या पाठीवर शाल घातली.

कराचीला थंडी पडली होती. बसमध्ये शिरताच गाइडने आमची शिरगणती केली. मध्यम वयाचा, पांढऱ्या पायजम्यावर काळा कोट घातलेला माणूस. आम्ही लालबागच्या आहोत हे कळलं तेव्हा तो एकदम बंबईचं बोलायला लागला. "मैं मदनपुरे का है, अम्मा. भायखळे का पूल वैसाच है ना? ट्राम चलती है अभी?" आई म्हणाली, चालते. तो एवढ्यानेच खूश झाला. मग त्याने समोर उभं राहून आपलं ठरलेलं भाषण सुरू केलं. ही आमच्या मुल्काची राजधानी, दिल्ली तुमची, कराची आमची. बस मोठ्या इमारतींवरून, उंटगाड्यांमधून जात राहिली. आई ज्या रस्त्याने रोज भाजीला जायची तो रस्ता आला आणि गेला. तिने मान वळवली नाही. ती खिडकीतून समोर बघत होती. राजधानी हा शब्द मात्र तिच्या कानावर पडला असावा, कारण ती हळूच मला म्हणाली, "ह्यांना मिळाली वाटतं लगेच."

फाटकाशी ताई उभी होती. मी तिला ओळखलं नाही. माझ्या आठवणीत ती सडसडीत होती, आता अंगाने भरली होती, केस पुढून विरळ झाले होते. तिच्या हाताला धरून चार वर्षांची मुलगी होती. ताईने रस्त्यातच वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

गाइडने हे बघितलं. नियमाप्रमाणे आम्हाला सगळ्यांबरोबर आत जायचं होतं. तो म्हणाला, "अम्मा, जानवर में क्या देखने का है. इधरच बैठो. मैं इन लोगों को लंबा घुमाता." आणि बाकीच्यांना घेऊन तो आत गेला.

फाटकाजवळ बाक होता. ताईने आम्हाला त्यावर बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिली. ती हसत होती, रडत होती, एकदम सगळं बोलत होती. "किती वाळलीस गो आई. आणि ही केवढी झाली. मामा बरा आहे?" मग तिने पिशवीतून दोन पुडकी काढली. "खोबऱ्याच्या वड्या केल्यात. हे तुमचं. आणि हे त्याचं, वेगळं बांधलंय, नाहीतर ही बाय बोटीतच संपवील. त्याला म्हणावं, लग्न ठरवशील तेव्हा तरी ताईला चार ओळी लिही."

आई उभी राहिली. तिने ताईचे दोन्ही दंड धरले.

"बाय, तो गेला."

"कुठे गेला?" ताईने विचारलं.

आईने हे वाक्य बोटीत किती वेळा घोकलं असेल, पण पुढे ताई असं विचारील हे तिच्या मनातही आलं नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "ताई, गोळीबारात गेला. जानेवारीत."

ताईची मुलगी तिचा पदर ओढून हत्ती बघायला चल म्हणत होती. ताईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जानेवारीत." आणि मग, "म्हणजे आता भाऊबीज झाली तेव्हा..."

"हो," मी म्हटलं.

"मी चंद्राला ओवाळलं." ती आता आईकडे बघत होती. "इथे भाऊ नाही म्हणून दर वर्षी चंद्राला ओवाळते. यंदाही ओवाळलं. उपास केला. त्याला आयुष्य मागितलं. मेलेल्या भावाला मी आयुष्य मागत होते, आई."

"तुला ठाऊक नव्हतं गो," आई म्हणाली.

"तुला होतं ना."

आई खाली बसली. मी आयुष्यात तिला इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं. ताईही मग तिच्या शेजारी बसली, आणि दोघी रस्त्याकडे बघत राहिल्या. कोणी कोणाला जवळ घेतलं नाही. आत माकडं ओरडत होती. मी भाचीला कडेवर घेतलं, ती माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळायला लागली.

बऱ्याच वेळाने ताईने विचारलं, "काय करत होता तो?"

मी वाट बघितली, आई आता दुधाचं सांगेल.

"मोर्चात होता," आई म्हणाली. "पुढे होता. हातात झेंडा होता. मुंबई मागत होता."

"मिळाली?"

"अजून नाही. मिळेल म्हणतात."

ताईने मान हलवली. तिने डोळे पुसले आणि आमचं पुडकं सोडून मुलीला एक वडी दिली, मग मला, मग आईला. आम्ही त्या खाल्ल्या. गोड होत्या, वेलची जास्त झाली होती. त्या वेळी माझ्या मनात हे कसं आलं कोण जाणे, पण आलं.

गाइड लोकांना घेऊन परत आला. बाकाकडे बघून त्याला काय कळायचं ते कळलं असावं. तो ड्रायव्हरशी काहीतरी बोलला आणि ड्रायव्हरने उतरून इंजिनाचं झाकण उघडलं. लोक कुरकुरायला लागले. पारशी बाई म्हणाल्या, आता क्लिफ्टनचा समुद्रकिनारा राहणार वाटतं. गाइड म्हणाला, "क्या करूँ बाई, गाड़ी गरम हो गई." गाडी गरम वगैरे काही झाली नव्हती. आम्हाला तेवढा वेळ जास्त मिळाला. आईने ताईचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता, आणि ताईने तो तिथे ठेवू दिला होता.

बस सुरू झाली तेव्हा ताई खिडकीखाली आली. "वर्षश्राद्ध कधी आहे? तिथी सांग." आईने तिथी सांगितली. ताईने ती तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिली. बस वळली तेव्हा ती मुलीला उचलून घेत होती, त्यामुळे तिचा चेहरा शेवटी दिसलाच नाही.

पुढे क्लिफ्टन दाखवलं, बाजार दाखवला. आई बसमधून उतरली नाही. बोटीवर चढताना गाइडने आईला सलाम केला आणि म्हणाला, "मदनपुरे को मेरा सलाम बोलना." आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मुंबईला उतरलो तेव्हा जकातीच्या माणसाने सामान उघडायला सांगितलं. न सोडलेलं पुडकं त्याने उचलून हुंगलं. "हे काय, आजी?"

"मुलाचा खाऊ," आई म्हणाली.

तो हसला आणि पुडकं परत ठेवून दिलं.

त्या वड्या तिने भावाच्या मित्रांना वाटल्या. संध्याकाळी पाळी सुटल्यावर ती पोरं गॅलरीत उभ्याने त्या खात होती. आई डबा घेऊन त्यांच्यासमोर उभी होती, आणखी एक घे, आणखी एक घे म्हणत. मंडळाच्या खोलीतल्या फोटोपुढे ती त्यानंतरही कधी थांबली नाही. "दूध आणायला गेला होता" हेही ती पूर्वीसारखंच सांगत राहिली. ताईला तिने वेगळं का सांगितलं, हे मी तिला विचारलं नाही. खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही.

महाराष्ट्र झाला तेव्हा लालबागला दिव्यांच्या माळा लागल्या, पेढे वाटले. आईला मंचावर बसवून शाल आणि नारळ दिला. घरी आल्यावर तिने मामाला ताईला कार्ड टाकायला सांगितलं. मामाने विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, मिळाली म्हणून लिही.

पुढे लढाई झाली, बोटी बंद पडल्या, कार्डंही थांबली. आई गेली तेव्हा ताईला कळवायला काही मार्गच नव्हता. तिचा तोही दिवस तिकडे साधाच गेला असणार.

ताई आली ती फार वर्षांनी, परवाने पुन्हा मिळायला लागल्यावर. तिला सून आली होती, गुडघे दुखत होते, केस सगळे पांढरे. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "मला ती जागा दाखव." त्याला गोळी लागली असं चाळीतले सांगायचे त्या नाक्यावर मी तिला घेऊन गेले. तिथे आता भांड्यांचं दुकान होतं, फुटपाथवर स्टीलचे डबे रचून ठेवलेले. ताईने चपला काढल्या आणि पदर खांद्यावरून घेऊन तिथे उभी राहिली. लोक धक्के देत जात होते. दुकानदार बाहेर आला. "काय दाखवू, आजी?"

"काही नाही," ताई म्हणाली. तिने चपला घातल्या आणि माझा हात धरला. आम्ही परळच्या दिशेने चालत निघालो, आणि वाटभर ती मला तिच्या मुलीच्या लग्नात किती पाहुणे आले होते ते सांगत राहिली.