मास्तरांना न पटलेला खलनायक

चांगल्या माणसाबद्दल कुणी खोटं बोललेलं मास्तरांना खपत नसे. वाईट माणसाबद्दल बोललेलं तर मुळीच नाही.

हैदराबादेत नव्या कंपन्या उघडू लागल्या त्या काळात मी पुण्याहून नोकरीला आलो आणि नारायणगुड्यात मास्तरांच्या वरच्या खोलीत राहू लागलो. ते एकटेच असत. तरुणपणी सत्तेवरच्या एका पुढाऱ्याविरुद्ध बोलले म्हणून त्याने त्यांना तुरुंगात डांबलं होतं. तिथले सोबती दर रविवारी चहाला जमत. मास्तर सकाळपासून खुर्च्या पुसत बसायचे.

पुढे त्या पुढाऱ्यावर सिनेमा निघाला. आम्ही सगळे मिळून गेलो. पडद्यावर तो दारू ढोसत होता, गडगडाटी हसत होता, म्हाताऱ्या आईला ढकलून देत होता. सोबती टाळ्या पिटत होते. मध्यंतरात मास्तर म्हणाले, "हा तो नव्हे."

"कायकू तरफदारी करता त्याची?" यादवराव भडकले. ते मास्तरांच्या कोठडीतले जोडीदार. "माझा भाऊ गेला त्याच्यापायी!"

"विसरलो नाही, यादवराव. पण तो कधी ओरडला नाही हो. मला पकडून त्याच्यापुढे नेलं तेव्हा त्याने चहा पाजला, माझ्या आईची तब्येत विचारली आणि शांतपणे तुरुंगाच्या हुकमावर सही केली. मला भीती वाटली ती त्या शांतपणाची. असा राक्षस दाखवला तर उद्या गोड बोलणारा कुणी आला, की लोक त्याला ओळखणार कसे?"

यादवराव उठून निघून गेले. त्यांच्यामागे बाकीचेही.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्यानंतरही नाही. चहा आम्ही दोघंच प्यायचो. एकदा मी म्हणालो, "मास्तर, चूक झाली असं म्हणून टाका ना त्यांना."

"झाली असती तर धावत गेलो असतो," ते म्हणाले. "त्यांच्याशिवाय करमत नाही रे मला."

मग मास्तरांची दृष्टी अधू झाली. नागपूरला दिलेली मुलगी त्यांना न्यायला आली. नामपल्ली स्टेशनवर निरोपाला मी एकटाच होतो. मास्तर खिडकीतून फलाटाकडे बघत राहिले. फारसं दिसत नव्हतं, तरी.

गाडी सुटली. मी वळलो तर पुस्तकांच्या स्टॉलआड यादवराव उभे. केव्हापासून, कोण जाणे. ते जवळ आले, पण माझ्याकडे न बघता बोलले.

"खालचा बर्थ मिळाला ना मास्तरांना?"