वहिनींची होडी

उभ्याने झोपणारे जीव मी पनवेलात दोनच पाहिले. एक एसटी स्टँडसमोरच्या टांग्याचा घोडा आणि दुसऱ्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी. फरक एवढाच, की घोड्याला दुपारी चंदी मिळायची आणि घोड्याला सासूबाई नव्हत्या. वहिनींइतकं दमलेलं माणूस त्या काळी अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नव्हतं, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायचो आणि ‘पूर्ण जबाबदारीने’ हे शब्द पुष्कळ ठिकाणी बेजबाबदारपणे वापरायचो. इथे तसं नाही.

वहिनी कचेरीत टंकलेखिका होत्या. घरी दोन मुलं, सासूबाई आणि तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्टवर जाणारे दादा. दादांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे त्या घरात सूर्य दर सोमवारी वेगळ्या दिशेला उगवायचा. पहिली शिफ्ट असली की डबा पहाटे पाचला तयार. दुसरी असली की रात्री बारानंतर आमटी पुन्हा गरम. तिसरी असली की दादा दिवसा झोपणार, म्हणून घर कुजबुजत वागायचं, आणि शिट्टीने त्यांना जाग येऊ नये म्हणून वहिनी कुकर सोडून पातेल्यात भात करायच्या. नळाला पाणी साडेचारला यायचं, ते मात्र कुठलीच शिफ्ट मानत नसे. मधल्या वेळात कचेरी. या साऱ्यात झोप कुठे बसवायची हा प्रश्न वहिनींनी आपल्या पद्धतीने सोडवला होता. त्या झोप सुटी सुटी घ्यायच्या, चिल्लरीसारखी.

पिठाच्या गिरणीत खांबाला टेकून त्या झोपायच्या आणि जाग्या व्हायच्या तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. रेशनच्या रांगेत झोपायच्या, पण रांग पुढे सरकली की पाय आपोआप सरकायचे. शाळेतल्या पालकसभेत एकदा त्या पहिल्या रांगेत बसून अशा लयीत डुलत होत्या, की मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं, या प्रत्येक सूचनेला मान डोलावताहेत. सभा संपली तेव्हा स्नेहसंमेलनातल्या मोरांचे नऊ पिसारे शिवायची जबाबदारी वहिनींवर एकमताने पडली होती. “नाही म्हणा ना!” मी कडाडलो. “अरे पुढारी, मान हलवली ती माझीच ना?” त्या म्हणाल्या. त्यांनी नऊच्या नऊ पिसारे शिवले. नवव्या पिसाऱ्यावरचे डोळे जरा मिटलेले आले होते, एवढंच.

या चिल्लर झोपेत त्यांना एक स्वप्न पडायचं, आणि तेही हप्त्याहप्त्याने. वहिनींचं माहेर चिरनेरच्या पलीकडे, खाडीच्या काठाला. स्वप्नात त्या होडीत बसलेल्या असायच्या. वल्हवणारं कोणी नाही, होडी आपली आपण चाललेली. पाय पाण्यात सोडलेले, दोन्ही बाजूंना खारफुटी, आणि “अगं, ऐकलंस का” म्हणणारं कोणीही नाही. मधेच हाक यायची, दूध उतू जायचं, फाइल आपटायची, की होडी तिथल्या तिथे थांबायची. पुढच्या डुलकीत पुन्हा तिथूनच निघायची. एक थेंब इकडे नाही, तिकडे नाही. मी जिन्यात भेटलो की विचारायचो, “वहिनी, कुठपर्यंत आली होडी?” आणि त्या पाण्याची कळशी कमरेवर सावरत, जणू समोर पाणीच आहे अशा नजरेने भिंतीकडे बघत सांगायच्या, “आज खारफुटी संपली बघ. पुढे मिठागरं लागली. इतकं पांढरं, इतकं पांढरं, की डोळे मिटावेसे वाटले.” झोपेतसुद्धा त्यांना झोप येत होती!

आमची पत्रकं त्याच टाइप करून द्यायच्या, आणि रविवारी आमची बैठकही त्यांच्याच बाहेरच्या खोलीत भरायची. आम्ही सात-आठ जण शोषणावर बोलायचो आणि वहिनी आत चहा ठेवायच्या. यात काही विसंगती आहे हे आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी मजकूर सांगायचो, त्यांची बोटं चालायची. कधीकधी बोटंच तेवढी जागी असायची. एकदा कंपन्यांच्या गेटवर वाटलेल्या पत्रकात दुसरी मागणी ‘नाल्यात सोडलं जाणारं रसायन ताबडतोब बंद करा’, तिसरी ‘तूरडाळ अर्धा किलो, धाकटीच्या वहीला कव्हर’ आणि चौथी ‘कामगारांची नियमित तपासणी’ अशी छापून गेली. गेटवरच्या एका गाववाल्या कामगाराने ते नीट वाचलं आणि म्हणाला, “डालीचा बरोबर हाय भाऊ, पन वहीचा कंपनी नाय देनार.”

वहिनींच्या थकव्याची कारणं प्रत्येकाकडे तयार होती. सासूबाईंच्या मते दृष्ट. दादांच्या मते, “तिला झोपेचा छंदच आहे, लग्नातसुद्धा अंतरपाटामागे पेंगत होती.” कचेरीतल्या हेडक्लार्कच्या मते कामचुकारपणा. दारावर वालाच्या शेंगा घेऊन येणारी एक म्हातारी तेवढी त्यांच्या तोंडाकडे निरखून म्हणाली होती, “बाय, तुज्या अंगान रगत नाय. नुस्ती पांढरी फटक झालीस.” पण शेंगा विकणारीचं निदान कोण ऐकतो? मी तर मुळीच ऐकलं नाही, कारण माझ्याकडे त्याहून मोठं कारण होतं: तळोज्याचा धूर! संध्याकाळी वारा फिरला की कुजक्या अंड्यांसारखा वास आमच्या गॅलरीत यायचा, हे खोटं नव्हतं. मी त्यात वहिनींची झोप जोडली आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: ‘एका कष्टकरी भगिनीची झोप कोणी चोरली?’ टाइप करायला अर्थातच वहिनींना दिलं. त्यांनी ते सगळं टाइप केलं, शेवटी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, “बिचारी! कोण रे ही? चहाला घेऊन ये तिला एकदा.”

ते पत्रक छापायला जायच्या आतच वहिनी जिन्यात पडल्या. हातात भरलेली बादली होती. ही डुलकी नव्हे हे मला पाण्याच्या आवाजावरून कळलं. बादली आधी खाली आली, मग त्या. लागलं फारसं नाही, पण शुद्धीवर यायला वेळ लागला, आणि आल्यावर पहिलं वाक्य “आज पाणी जपून वापरा” असं होतं. दादा शिफ्टवर होते. मीच त्यांना रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खरं सांगतो, मनात काळजी होती, पण काळजीच्या शेजारी एक कोरा कागदही होता. ‘थकव्याचं कारण: धूर’ असं डॉक्टरांकडून लिहून आणायचं आणि पत्रकात छापायचं, असा माझा बेत होता.

डॉक्टरीणबाईंनी वहिनींच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. दोन प्रश्न असे विचारले की त्याआधी मला बाहेर काढलं. मग आत बोलावून विचारलं, “जेवता कधी?”

“सगळ्यांचं झालं की.”

“आणि जेवता काय?”

“उरेल ते. उपास नसेल तेव्हा.”

“उपास कधी असतो?”

वहिनी बोटांवर मोजू लागल्या. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार.

“उपासाला काय खाता? साबुदाणा, दाणे, फळं?”

“चहा,” वहिनी म्हणाल्या. “खिचडी करायला वेळ कुठे असतो?”

रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन सात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आठवड्यातले चार दिवस उपाशी, तीन दिवस उष्टंखरकटं, आणि वर दिवसाला आठ कप चहा. तुम्ही उभ्या कशा राहता हेच नवल. उपास आजपासून बंद. लोहाच्या गोळ्या देते, त्यांच्या आगेमागे तासभर चहा नाही. ऐकलं नाहीत तर रक्त चढवावं लागेल, आणि पुढच्या वेळी जिन्यात पडाल तेव्हा उठालच असं नाही.”

मी माझा कागद पुढे केला. “आणि धूर? धुराचं लिहा ना, डॉक्टर.”

“धूर आहेच. खोकल्याचे पेशंट आण, हवं तेवढं लिहून देते. पण या बाईंच्या पोटात धूरसुद्धा नाही रे बाबा.”

घरी आल्यावर मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत जमवलं आणि सभेला संबोधावं तसं संबोधलं. एकेक उपास कोणासाठी, हे जाहीर झालंच पाहिजे! सोमवार दादांचा निघाला, कंपनीत अपघात होऊ नये म्हणून. दादा हातातला डबा खाली ठेवत म्हणाले, “माझा सोमवार मी करीन. तू जेव.” गुरुवार मुलाच्या गणितासाठी होता. तो लगेच म्हणाला, “आई, तू उपाशी राहूनही मला पस्तीसच पडलेत.” शनिवार सासूबाईंच्या गुडघ्यांचा. सासूबाई आधी रागावल्या, मग गुडघे चोळत म्हणाल्या, “माझे गुडघे माझ्या वयाचे आहेत. त्यांच्यासाठी सून उपाशी ठेवली, असं तिच्या माहेरी कळलं तर?” अशा रीतीने तीन वार सुटले. मंगळवारावर मात्र वहिनी अडल्या.

“तो नाही सोडता यायचा. बोललेला आहे.”

“कोणासाठी?”

“ते सांगायचं नसतं.”

माझा पारा चढला. “वहिनी, तुमचा जीव जायची वेळ आली तरी ज्याला लाज वाटत नाही, त्या ऐतखाऊ, परोपजीवी माणसाचा मी जाहीर निषेध करतो!”

“कर बाबा,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “आरसा तिथे मोरीजवळ आहे.”

मग ते बाहेर आलं. आदल्या वर्षी मोर्च्यात पोलिसांनी आम्हाला व्हॅनमधून नेऊन दुपारभर बसवून ठेवलं होतं. मला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात तेजस्वी दिवस वाटत होता. त्याच दुपारी माझी आई वहिनींच्या जिन्यात बसून रडली होती, आणि तिची समजूत काढताना वहिनी बोलून गेल्या होत्या, “त्याला नीट नोकरी लागेपर्यंत माझा मंगळवार.” आणि मी तर भर सभेत शपथ घेतली होती, की जन्मात कोणाची नोकरी करणार नाही! म्हणजे हिशेब साफ होता. माझी शपथ मोडत नाही तोवर वहिनींनी मंगळवारी जेवायचं नव्हतं.

“ही अंधश्रद्धा आहे,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

“असेल. तुझं पत्रक आणि माझा उपास, दोन्हींचा परिणाम सावकाशच होतो. मी तुला कधी थांब म्हटलं का?”

तीन मंगळवार मी ताठ राहिलो. आमची खोली बरोबर त्यांच्या खाली. त्या दिवशी डोक्यावर त्यांची पावलं ऐकू यायची. स्टोव्हपासून मोरीपर्यंत सात पावलं, आणि मधे कुठेतरी एक लांब थांबणं. त्या थांबण्यात त्या भिंतीला धरून उभ्या असायच्या, की होडीत बसलेल्या असायच्या, हे खालून कळायचं नाही. चौथ्या मंगळवारी मी, ज्या छापखान्यात आमची पत्रकं छापली जायची, तिथेच मुद्रितं तपासायची नोकरी धरली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सत्यनारायणाची निमंत्रणं. नेमणुकीचं पत्र घेतलं, आईकडून भाकरी आणि वालाच्या बिरड्याचा डबा घेतला आणि मधल्या सुट्टीत थेट कचेरीत गेलो. वहिनींनी पत्र दोनदा वाचलं. “सही आहे, शिक्काही आहे,” त्या पुटपुटल्या. मग टाइपरायटर बाजूला सारला, हात धुऊन आल्या आणि जेवायला बसल्या. वहिनींना दुसऱ्या कोणाच्या आधी जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चौथा घास घेताना त्या थांबल्या आणि नवल वाटल्यासारखं म्हणाल्या, “गरम आहे रे.”

बैठक तेव्हापासून आमच्या खोलीत भरते. चहा आम्हीच करतो आणि तो इतका वाईट होतो, की बैठका लवकर संपतात. धुराविरुद्ध पत्रकं अजून निघतात, आता खोकल्याच्या पेशंटांच्या नावानिशी. वहिनींच्या गालांवर काही महिन्यांनी रंग दिसू लागला. रविवारी दुपारी एक ते चार त्या आडव्या होऊन, दार लावून, माणसासारख्या झोपतात. अशाच एका रविवारी त्या जिन्यात भेटल्या तेव्हा मी सवयीने विचारलं, “वहिनी, होडी कुठपर्यंत?”

“येत नाही रे आता. डोळा लागतो आणि एकदम चारच वाजतात. मधे काही नसतंच.” मग कळशी नसलेल्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मिठागरांच्या पुढे काय होतं, ते बघायचं राहिलं.”

परवा छापखान्यात एका लग्नपत्रिकेवर पेन्सिल धरून बसलो असताना मला डुलकी लागली. सगळीकडे पांढरं होतं. मीठ पसरलेलं, वर ऊन, आणि कडेच्या पाण्यात एक होडी आपली आपण चाललेली. आत कोणी नव्हतं. फळीवर पावलांचे दोन ओले ठसे होते, वाळत आलेले. मी हाक मारणार तेवढ्यात मालकांनीच मला हाक मारली.

संध्याकाळी वहिनींना हे सांगितलं. वाटलं होतं, त्या हरखतील. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मग मला जिन्यातल्या उजेडात ओढलं, डॉक्टरीणबाईंसारखी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, “पुढारी, दुपारी जेवतोस ना रे?”