ओस गल्लीचा मुद्देमाल

ती घटना आजही आठवते. पुरती समजली मात्र अजून नाही.

लातूरच्या एका शिक्षणसम्राटांच्या दिवाणखान्यातून चित्र चोरीला गेलं. साहेब मुंबईहून ठरल्यापेक्षा लवकर परतले, तर भिंतीवर नुसता खिळा. पत्नी महालक्ष्म्यांसाठी शिरूर अनंतपाळला थोरल्या दिरांकडे गेलेल्या. सणात विघ्न नको म्हणून साहेबांनी त्यांना कळवलंच नव्हतं.

पंचनामा मी खिळ्याचा केला. वर्णनासाठी साहेबांनी मोबाईलवर फोटो दाखवला. त्यात चित्र थोडं आणि साहेब जास्त. उरलेल्या भागात रंगाचे फटकारे. एक पंच म्हणाला, सोयाबीनचं रान. दुसरा म्हणाला, पूर.

साहेब वैतागले. "फ्रान्समधल्या खेड्यातली शांत गल्ली आहे ती! इम्प्रेशनिस्ट शैली. दहा फुटांवरून बघायची असते."

मी मोबाईल लांब धरला. मलाही पूरच दिसला.

समोरच्या दुकानदारानं खबर दिली, की ड्रायव्हरनं चादरीत गुंडाळून काहीतरी गाडीत ठेवलं. ड्रायव्हर हदगावकडचा, घरातला जुना माणूस. त्याला ठाण्यात बोलावलं.

"चित्र तू नेलंस?"

"नेलं न्हाई म्हणत न्हाई, साहेब. चोरलं न्हाई म्हणून राहिलो."

"मग आहे कुठं?"

"हाय तिथं बरं हाय."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"शब्द दिलाय. काहून विचारता?"

इतकी सरळ उत्तरं आणि इतका गोंधळ माझ्या नोकरीत पुन्हा झाला नाही. बाईंना विचारू का म्हटलं, तर साहेब म्हणाले, "त्या पूजेत आहेत. तुम्ही याला अटक करा."

अटकेचे कागद तयार होत होते. तेवढ्यात हवालदार कानाशी आला. त्याची सासुरवाडी शिरूरची. "आमची मंडळी साहेबांच्या भावाकडं हळदीकुंकवाला गेली होती. देवींच्या मागं गल्लीचं चित्र हाय म्हणती."

साहेबांना आणि ड्रायव्हरला घेऊन आम्ही शिरूरला पोचलो. दोन्ही महालक्ष्म्यांच्या मागं, झेंडूच्या माळांत, आराशीला लावलेली ती गल्ली. आणि गल्लीभर कुंकवाची पावलं.

साहेबांनी डोकं धरलं. "हे काय केलंत!"

थोरल्या वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, ओस गल्ली लक्ष्मीच्या पाठीशी कशी ठेवायची? माणूस न्हाई का कुत्रं न्हाई."

पत्नी मान खाली घालून म्हणाल्या, "मीच आणवलं. विसर्जन झालं की परत टांगणार होते. यालाही बोलू नको म्हटलं होतं." मग ड्रायव्हरकडे वळून, "पण तुला पोलिसांत काहून नेलं रे?"

त्यानं साहेबांकडं पाहिलं. ते रुमालानं पावलं पुसत होते; ती निघत नव्हती.

वहिनींनी आग्रह केला म्हणून ड्रायव्हर पुरणपोळी जेवला. हात धुतले आणि गाडीची किल्ली साहेबांपुढं ठेवली. "येतो. एसटीनं जातो."

मी दहा फूट मागं सरून चित्र पाहिलं. पहिल्यांदाच गल्ली दिसली, आणि तिच्यातून कोणीतरी घराकडे येत होतं. चित्र बिघडलं की पुरं झालं, हे मला आजही सांगता येणार नाही. गुन्हा मिटला, मुद्देमाल मिळाला. या प्रकरणानं इतकंच शिकवलं, की फिर्यादीला काय हरवलंय हे फिर्यादीलाच विचारू नये. साहेबांचं चित्र त्या दिवशी परत आलं. ड्रायव्हर आला नाही.