माळ्यातला दिवा

चौथीत शाळा सुटली आणि लग्न होऊन मी वर्ध्याकडून पार येरमाळ्याला आले. सासरी सगळ्यांनी माया लावली, ते उपकार फिटायचे नाहीत. पण माझा जीव सदा धास्तावलेला. दुधावर झाकण आहे का, गोठ्याला कडी घातली का, पुन्हापुन्हा उठून बघायची.

गावात वीज आली तेव्हा आमच्या घरातला पहिला बल्ब मधल्या खोलीत लागला. तिथला फळ्यांचा माळा बुटका आणि मामंजी ताडमाड. बल्ब लोंबता ठेवला तर त्यांचा फेटा रोज धडकणार, आणि घरात फेटा उतरवायला ते काही तयार नव्हते. मग वायरमननं फळीला भोक पाडलं, त्यात तेलाचा पत्र्याचा डबा उपडा बसवला आणि बल्ब त्याच्या पोटात. शेजारणी मुद्दाम बघायला आल्या. "भिंतीतली देवळी उडून छतात गेली की गं!"

उन्हाळ्यात वन्सं पहिल्या बाळंतपणाला आल्या. वर छपराचा पत्रा तापायचा. बाळ घामोळ्यांनी लालबुंद. म्हणून ह्यांनी माळ्यावर तुरीचं भूस पसरलं, धग खाली उतरू नये म्हणून. कुठं फट नको, असं म्हणत डब्यावरही दाबून भरलं. खोली खरंच गार झाली. बाळ पाय पसरून झोपलं. सगळे खूश, मी सोडून.

"मामंजी, त्या दिव्यावर कुटार आहे. पेटेल."

"काय हाय?"

"कुटार."

वन्सं हसत सुटल्या. "आवं वैनी, भूस म्हना की! आन पेटंल कशानं? त्या दिव्याला जाळच न्हाय. फुंकर मारून बघा, इझतोय का!"

घरात सगळ्यांना तसंच वाटायचं. जाळ नाही, काजळी नाही, मग आग कुठून लागणार? माहेरी कुटाराजवळ कंदील नेऊ देत नसत, एवढंच मला ठाऊक. इथं तर खोलीला खिडकी नाही, बल्ब दिवसभर चालू, आणि बाळाची झोळी नेमकी त्याखाली. न राहवून मी स्टुलावर चढले आणि डब्याशेजारच्या फळीला तळवा लावला. चटकाच बसला.

"मामंजी, एकदाच हात लावा. मग कधी बोलणार नाही."

त्यांना स्टूल लागलं नाही. हात वर केला, आणि चेहरा पालटला. "आधी लाईट बंद करा!" शिडी लावून ते स्वतः माळ्यावर गेले. वरून आवाज आला, "लई तापलंय! डब्यावरचं भूस तांबडं पडलंय रं, भाजल्यावानी!"

वन्संनी झोळीतलं बाळ उचलून छातीशी धरलं.

ह्यांनी डब्यावरचं, वायरवरचं भूस काढलं, आजूबाजूची हातभर जागा झाडून लख्ख केली. भोवती विटा रचून मातीनं लिंपल्या. वरून उघडंच ठेवलं, भूस विटांच्या पलीकडं. वायरमनला बोलावून बारका बल्ब बसवला. मग दिवसभर दिवा लावून ठेवला आणि जो तो येऊन फळी चाचपून जायचा. फळी कोमट, बस्स. खोली तशीच गार.

बारशाला बायकांनी घर भरलं. मामंजी बटणावर बोट ठेवून थांबले आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, हुकूम हाय का?" बायका खो-खो हसल्या. मी पदरात तोंड लपवलं, पण मान हलवली. दिवा लागला.

ह्यांनी पाळण्याची दोरी खांद्यावर घेतली होती. "कुठं बांधू?" त्यांनी वन्संना विचारलं.

"मला काय इचारता? वैनी म्हनतील तिथं."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी स्टूल ओढलं, फळीला हात लावला, आणि खाली उतरून म्हणाले, "इथंच बांधा. उजेडात."

वन्संनी बाळ माझ्या हातात दिलं.