गोळ्यांचे वाटे

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. असला गाढवपणा अख्ख्या रत्नागिरीत दुसऱ्या कोणी केला नसेल!

दत्ताराम आणि मी एकाच बोटीवर उभं आयुष्य काढलं. आता दोघेही घरी, दोघांनाही डायबेटीस. साखरेमुळे हृदयाचा स्नायू ताठर व्हायला लागलाय, असं दोघांच्याही तपासणीत निघालं. आत्ता कुठे सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाले. पण चढ चढताना धाप लागायची, आणि भीती तर बसल्या जागी वाटायची. तेवढ्यात एका हॉस्पिटलात नव्या औषधाची चाचणी निघाली. आम्ही सह्या ठोकल्या.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं, "काहींना खरं औषध मिळेल, काहींना तशीच दिसणारी नुसती गोळी. कोणाला काय, ते मलाही माहीत नाही."

घरी आलो तरी चैन पडेना. एकाला खरी आणि एकाला खोटी? अहो, बोटीवर एक पापलेट जास्त आलं तरी आम्ही वाटे घालून खाल्लंय!

"दत्त्या, तुजी बाटली आन बघू."

"कशाला रे?"

"वाटे घालू. जगलो तर दोघं पन जगू."

त्याने बाटली आणून पुढ्यात ठेवली. मग म्हणाला, "घाल."

दोन्ही बाटल्या ताटात ओतल्या, कालवल्या आणि सारखे दोन वाटे घातले. दर महिन्याला हेच!

मला पहिल्याच आठवड्यात हुशारी वाटायला लागली. म्हणजे खरी बाटली माझीच, नाही का? मग काय विचारता! दत्तारामला उठता-बसता ऐकवायचो, "माज्या आयुष्यातला अर्धा तुला देतोय, इसरू नको हां." तो बापडा मान हलवायचा.

चौथ्या महिन्यात बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही दोघं एकही गोळी चुकवत नाही!"

मी फुगलो. "चुकेल कशी? सारखी वाटून घेतो ना आम्ही!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय वाटून घेता?"

सांगितलं सगळं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "काका, हे औषध लागू पडतं का, ते तुमच्यासारख्या कितीतरी जणांसाठी शोधतोय. तुमच्या दोघांच्या तपासण्यांवरून आता मला काहीच सांगता येणार नाही." दोघांच्याही गोळ्या बंद झाल्या.

गेल्या महिन्यात चाचणी संपली आणि कोणाला काय मिळत होतं ते कळवलं. खरं औषध दत्तारामच्या बाटलीत होतं. माझ्या बाटलीत नुसतं पीठ!

खाली मान घालून त्याच्याकडे गेलो. "दत्त्या, मी तुजा औषध खाल्ला रे."

"मला पयल्यापासना वाटत होता, खरी माजीच आसनार."

"मग बोललास का नाय?"

"तू येवढ्या हौसेनं देत होतास. तुजा मन कशाला मोडू?"

आणि मी? मी दर महिन्याला त्याच्याकडून आभार मानून घेत होतो.