शून्य पावलांचे मामा

शाळेचे शिपाई म्हणजे सगळ्यांचे मामा. तीन मजले, एकवीस वर्ग, आणि नोटीसवही घेऊन वर्गावर्गांत सह्या गोळा करत फिरण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. गुडघे कुरकुरायचे, मामा कधी नाही.

यंदा शाळेत आरोग्य मोहीम निघाली. मधल्या सुट्टीत तळलेलं बंद होऊन काकडी आली आणि प्रत्येक शिक्षकाच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा आला. रोज दहा हजार पावलं भरलीच पाहिजेत! मामांना मात्र पट्टा मिळाला नाही.

तिसऱ्याच दिवशी गणिताच्या बाई लाडीगोडीने म्हणाल्या, "मामा, तुम्ही फिरतच असता, तर माझाही पट्टा फिरवून आणा ना."

मग काय, रांगच लागली. आठवड्याभरात मामांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत सतरा पट्टे चढले. सतरावा खुद्द मुख्याध्यापिकाबाईंचा. इकडे शिक्षकखोलीत सगळे पाय पसरून काकडी खात बसलेले.

महिनाअखेर निकाल लागला. सतराच्या सतरा जण ठणठणीत! मुख्याध्यापिकाबाईंनी मामांपुढे नोटीसवही सरकवली. मामांनी चष्मा लावून वाचलं : 'शिपाई यांची पावले शून्य. उद्यापासून त्यांनी रोज सकाळी मैदानाला दहा फेऱ्या माराव्यात.'

"अहो बाई, पण मी..."

"सबबी नकोत, मामा. आधी ही नोटीस सगळ्या वर्गांत फिरवून आणा."

मामा तिन्ही मजले चढले. शेवटच्या वर्गात गणिताच्या बाईंनी सही ठोकली आणि वही परत देत त्या म्हणाल्या, "उद्या मैदानावर जाताना पट्टे काढून ठेवू नका हं!"